शुद्धीच्या साधनाची शुद्धी

आश्विन अमावास्येस लक्ष्मीपूजनाच्या पाटाशेजारी नवी केरसुणी ठेवून तिला हळदकुंकू वाहण्याची चाल आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वर्षभर दाराआड उभी राहणारी ही वस्तू त्या एका सायंकाळी देवतेच्या पंक्तीस बसते. जी केर बाहेर नेते तीच लक्ष्मीला आत आणते, असा या चालीचा अर्थ आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु या विधीतील एका तपशिलाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पूजेला बसते ती नवी केरसुणी. कालपर्यंत अंगण झाडीत असलेली जुनी केरसुणी नव्हे. मळ काढणारी वस्तू स्वतःही मळते, ही जाणीव त्या साध्या चालीत आहे. घासणाऱ्या वस्तूला घासावयाचे कोणी, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न गेल्या अडीचशे वर्षांत ब्रश नावाच्या वस्तूने जगापुढे कसा उभा केला आणि त्याची उत्तरे कशी मिळत गेली, हे या लेखात पाहण्याचा आमचा विचार आहे.

आपल्याकडील जुनी साधने प्रथम आठवावीत. दात घासण्यास कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी. तिचे टोक चावून कुंचा करावयाचा आणि दात घासून झाले की ती टाकून द्यावयाची. भांडी घासण्यास नारळाचा काथ्या आणि राख, समया व ताम्हने उजळण्यास चिंच. अंगण झाडण्यास चुडताच्या हिरांचा खराटा. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ही साधने झाडापासून मिळतात, त्यांस पैसा पडत नाही अथवा अल्प पडतो, आणि काम संपताच किंवा झिजताच ती मातीत जातात. दातवणाची काडी उद्यासाठी राखून ठेवण्याची कोणास गरजच नव्हती. म्हणून ती धुऊन शुद्ध कशी करावी हा प्रश्नही कोणास पडला नाही. जे टिकत नाही त्यावर कालचा मळ साचत नाही.

ब्रशाचे तसे नाही. तो टिकाऊ म्हणून घडविला जातो आणि विकत घ्यावा लागतो. डुकराचे राठ केस हाडाच्या दांडीत बसवून केलेला दात घासण्याचा ब्रश चीनमध्ये कित्येक शतकांपूर्वी माहीत होता. युरोपात या धंद्याला मोठे रूप आले ते अठराव्या शतकात. जर्मनीतील श्वार्त्सवाल्ट या अरण्यमय प्रदेशात टोटनाऊ येथे लेओडेगार टोमा नावाच्या गिरणीवाल्याच्या मुलाने १७७० मध्ये ब्रश बनविण्यास आरंभ केला आणि पाहता पाहता त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांचा तो हिवाळ्यातील घरगुती उद्योग झाला. इंग्लंडात विल्यम ॲडिस याने १७८० मध्ये दातांच्या ब्रशांचा धंदा उभारला. दंगलीच्या आरोपावरून तुरुंगात असताना त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

या ब्रशांची रचना ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास तिच्याशी निगडित आहे. लाकडाच्या किंवा हाडाच्या फळीला ओळीने बारीक भोके पाडावयाची. केसांचा झुबका मध्ये दुमडून, तारेने ओढून त्या भोकात घट्ट बसवावयाचा. झुबका पक्का बसे, पण भोकाच्या तळाशी एक पोकळी राही. तेथे पाणी मुरे, अन्नाचा वा साबणाचा अंश अडके, आणि कितीही झटकले तरी ती जागा कोरडी होत नसे. ज्या वस्तूने शुद्धी करावयाची तिच्या पोटातच अशुद्धीला घर मिळाले होते. मात्र सूक्ष्म जंतूंमुळे रोग होतात हे जगाला तेव्हा उमगले नव्हते. डोळ्यांना जे स्वच्छ दिसे ते स्वच्छ, अशीच सर्वत्र समजूत होती.

केसांचा प्रश्न आपल्या देशाशीही निगडित होता. उत्तम राठ केस थंड प्रदेशांतील डुकरांचे समजले जात. तरीही हिंदुस्थानातून अशा केसांची निर्यात होत असे. त्याचे एक मोठे केंद्र कानपूर हे होते. तेथे खटिक समाजातील माणसे केस निवडीत, धुवीत, लांबीप्रमाणे त्यांच्या जुड्या बांधीत, आणि तो माल लंडनच्या बाजारास जाई. पुढे त्या समाजातील काहीजण स्वतः कारखानदार झाले. ज्या वस्तूचा स्पर्शही सोवळ्यातल्या माणसाला चालत नसे, तीच वस्तू हाताळून एका उपेक्षित समाजाने आपला संसार उभा केला. आपल्या कित्येक घरांतून केसांचा ब्रश तोंडात घालण्यास नकार होता तो धर्मभावनेमुळे. जंतूंच्या विचारामुळे नव्हे. पण केसाविषयीची शंका अगदीच अस्थानी नव्हती, हे पुढे वेगळ्याच कारणाने सिद्ध व्हावयाचे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंतुशास्त्राचा उदय झाला आणि नित्याच्या वस्तूंकडे लोक नव्या दृष्टीने पाहू लागले. तान्ह्या मुलांना दूध पाजण्याच्या एका बाटलीचे उदाहरण बोलके आहे. काचेच्या बाटलीस रबराची लांब नळी जोडलेली असे. मूल ती नळी तोंडात धरून आपल्या आपण दूध ओढी, त्यामुळे ती बाटली फार लोकप्रिय झाली. परंतु त्या नळीच्या आत कोणताही ब्रश नीट पोहोचत नसे. दुधाचा थर आत नासे आणि मुले अतिसाराने दगावत. इंग्लंडात या बाटल्यांना ‘खुनी बाटल्या’ असे नाव पडले. फ्रान्सने १९१० मध्ये कायदा करून नळीच्या बाटल्यांची विक्री बंद केली. जी वस्तू आतून घासता येत नाही ती घडवूच नये, हा धडा जगाने लहान मुलांचे प्राण देऊन घेतला.

हाच धडा ब्रशालाही लागू होता आणि तो ओळखणारी माणसे निघाली. न्यूयॉर्कमधील लायडा न्यूमन या कृष्णवर्णीय स्त्रीने १८९८ मध्ये केस विंचरण्याच्या ब्रशाचे एकस्व मिळविले. तिच्या ब्रशात दातांच्या ओळींमधून फटी होत्या; केसांतील कोंडा व धूळ त्या फटींतून मागच्या पोकळीत जाई आणि पाठ उघडून ती पोकळी साफ करता येई. ब्रश कशाने घासतो यापेक्षा तो स्वतः कसा साफ होईल याचा विचार येथे आधी केलेला दिसतो. पुढे १९०६ मध्ये आल्फ्रेड फुलर याने अमेरिकेत आपल्या बहिणीच्या घराच्या तळघरात पिळलेल्या तारेचे ब्रश बनविण्यास सुरुवात केली. दोन तारांच्या पिळात केस धरून केलेल्या या ब्रशात भोकाची फळीच नव्हती, आणि तो वाकवून अरुंद जागेत नेता येई. दारोदार फिरून, कोणता कोपरा साफ होत नाही हे गृहिणींकडूनच जाणून घेऊन, तो त्या कामाजोगा ब्रश करी. ज्याच्या हाती साधन असते त्यालाच त्यातील उणीव प्रथम कळते, हे त्याने अचूक हेरले होते.

एवढे होऊनही केस हे केसच राहिले, आणि त्याची किंमत पहिल्या महायुद्धात मोजावी लागली. काळपुळी, म्हणजेच गुरांची फाशी, हा रोग ज्या जंतूमुळे होतो त्याचे जीवनचक्र रोबेर्ट कॉख याने १८७६ मध्ये उलगडले होते. या जंतूचे बीजाणू जनावरांच्या केसांत व कातड्यात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. घोड्याचे केस हाताळणारे कामगार या रोगाने मरतात हे इंग्लंडात ठाऊक होते. तेथे १९०७ मध्ये अशा कारखान्यांसाठी नियमही झाले. पण ते नियम कारखान्याच्या भिंतींपुरते. युद्धामुळे दाढीच्या ब्रशांसाठी लागणाऱ्या बिज्जूच्या केसांचा पुरवठा तुटला, आणि त्याऐवजी घोड्याचे केस बिज्जूसारखे रंगवून वापरले जाऊ लागले. ते सर्वच केस निर्जंतुक केलेले नसत. १९१५ पासून सैनिकांच्या गालांवर व मानेवर काळपुळ्या दिसू लागल्या. दाढी करताना झालेल्या बारीक जखमेतून बीजाणू आत शिरत. पुढील दहा वर्षांत ब्रिटन व अमेरिका येथे मिळून दोनशेहून अधिक माणसांना अशा रीतीने हा रोग जडला आणि त्यांतील कित्येक दगावली.

ब्रिटनने १९१९ मध्ये या रोगाच्या प्रतिबंधाचा कायदा केला, १९२० मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली, आणि १९२१ मध्ये लिव्हरपूल येथे लोकर व केस निर्जंतुक करण्याचे सरकारी केंद्र उघडले. तेथे माल साबण व सोड्याच्या गरम पाण्यातून, नंतर फॉर्मॅल्डिहाइडच्या द्रावणातून काढून वाळविला जाई. साबणाचा फेस ज्या ब्रशाने करावयाचा तोच मृत्यू घेऊन येऊ शकतो, हे कळल्यावर लोकांचा केसावरील विश्वास डळमळला असल्यास नवल नाही.

त्यानंतर पर्याय आला तो रसायनशाळेतून. अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स व त्याचे सहकारी यांनी १९३५ मध्ये नायलॉन तयार केले. त्या नायलॉनपासून बाजारात आलेली पहिली वस्तू रेशमी मोजा नव्हती. ती होती २४ फेब्रुवारी १९३८ रोजी विक्रीस आलेला दातांचा ब्रश. चीन व जपान यांच्यातील युद्धामुळे चिनी केसांचा पुरवठा त्याच सुमारास अडचणीत आला होता. नायलॉनचा तंतू केसापेक्षा पाणी कमी पितो, लवकर वाळतो आणि कोणत्याही जनावराचा रोग त्याच्यासवे येत नाही. आरंभीचे तंतू फार ताठ असत व हिरड्यांना इजा करीत. १९५० च्या सुमारास मऊ आणि टोके गोल केलेल्या तंतूंचे ब्रश निघाले तेव्हा हा दोष दूर झाला. आपल्या घरांतील धार्मिक अडचणही, कोणी वाद न घालता, यामुळे आपोआप मिटली.

तंतू बदलला तरी भोक राहिलेच होते. त्यावरील उपाय गेल्या काही दशकांतील आहेत. अन्नपदार्थांच्या कारखान्यांसाठी आता असे ब्रश करतात की ज्यांत तंतू व पाठ एकजीव ओतलेली असते. झुबक्याच्या बुडाशी पोकळीच उरत नाही आणि तंतू गळून अन्नात पडण्याची भीतीही कमी होते. शिवाय कच्च्या मालासाठी एका रंगाचा, तयार अन्नासाठी दुसऱ्या रंगाचा, जमिनीसाठी तिसऱ्या रंगाचा ब्रश ठेवण्याची शिस्त तेथे पाळतात. मोरीचा ब्रश चुकूनही पातेल्याला लागू नये, हा त्यातील हेतू. देवाची उपकरणी वेगळी आणि स्वयंपाकाची वेगळी ठेवणाऱ्या आपल्या मंडळीस ही शिस्त परकी वाटू नये. नॉर्वेतील संशोधकांनी अलीकडे असेही दाखविले की ओलसर राहणाऱ्या स्पंजात रोगजंतू तग धरतात, पण वापरांमध्ये वाळू दिलेल्या भांड्यांच्या ब्रशात ते मरून जातात. म्हणजे ब्रशाला उत्तम औषध कोरडेपणा हेच. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तो दुर्मिळ असतो. म्हणून ब्रश पाण्यात पडू न देता, तंतू खाली करून, वाऱ्याला टांगून ठेवावा. नायलॉन मातीत कुजत नाही, हा त्याचा दोष मात्र विसरता येत नाही. त्या बाबतीत आपला काथ्या व हीर आजही श्रेष्ठ आहेत, फक्त ती वेळेवर बदलण्याची जुनी सवय आपण सोडता कामा नये.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. आपल्या परंपरेने साधनाच्या शुद्धीचा विचार केला. परंतु ते साधन हाती धरणाऱ्या माणसाचा विचार करताना ती अनेकदा चुकली. जंतू भोकात लपला होता आणि आपण त्याला माणसाच्या जातीत शोधीत राहिलो. सोवळ्याने भांडी वेगळी ठेवली तेथवर ठीक होते. त्याने माणसे वेगळी ठेवली तेथे ते शुद्धीचे साधन राहिले नाही. ही चूक दाखवून देणारी माणसेही आपल्यातच झाली. गोव्याच्या शेजारी, कोकणात, अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम स्वतःच्या हाताने केले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात ते काम करण्याची परवानगी नाकारली गेली तेव्हा त्यांनी उपोषण आरंभिले, आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांना उपोषणानेच साथ दिली. १९५६ मध्ये निवर्तलेले गाडगे महाराज दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. मैला हाताने उचलण्याच्या प्रथेविरुद्ध देशात १९९३ मध्ये व पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले. तरीही योग्य साधन न देता माणसाला गटारात उतरविल्याच्या व त्यात तो दगावल्याच्या वार्ता अद्याप येतच असतात. त्यासाठी लागणारा लांब दांड्याचा ब्रश, पंप व यंत्र जगाला अज्ञात आहे असे नाही. ते वेळेवर हाती देण्याची बुद्धी कमी पडते.

आपल्या देवालयांतही दीप उजळणारे, प्राकार झाडणारे, अन्नसंतर्पणाची मोठाली भांडी घासणारे हात असतात. येत्या लक्ष्मीपूजनास नवी केरसुणी पाटाजवळ ठेवताना देवस्थानच्या समितीने एवढे पाहावे, की त्या हातांना वाकून पाठ मोडणार नाही असा दांडा, न सडणारा ब्रश आणि जखमेला झाकणारे हातमोजे मिळाले आहेत की नाहीत. केरसुणीला वाहिलेले हळदकुंकू तेवढ्याने अधिक सार्थ होईल, असे आम्हांस वाटते.