बुधवारची निदर्शने, सोल

दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने लैंगिक गुलामगिरीत डांबलेल्या स्त्रियांना न्याय मिळावा, या मागणीसाठी दक्षिण कोरियाच्या राजधानीत जपानी दूतावासासमोर दर बुधवारी भरदुपारी होणारी निदर्शने. प्रारंभ ८ जानेवारी १९९२.

लष्कराच्या कागदांत या स्त्रियांसाठी ‘इआन्फू’, म्हणजे ‘दिलासा देणारी स्त्री’, असा शब्द होता. दिलासा कोणाचा, हे शब्दच सांगून टाकतो. कोरिया, चीन, फिलिपीन्स, इंडोनेशिया अशा ठिकाणच्या मुलींना नोकरीचे आमिष दाखवून किंवा सरळ उचलून नेले जाई. १९९६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक राधिका कुमारस्वामी यांनी आपल्या अहवालात याला ‘लष्करी लैंगिक गुलामगिरी’ म्हटले.

१९९० मध्ये जपान सरकारने संसदेत हा सारा खाजगी दलालांचा उद्योग असल्याचे सांगितले. त्याला उत्तर म्हणून १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन (१९२४–१९९७) या पीडित स्त्री सोलमध्ये पत्रकारांसमोर बसल्या आणि स्वतःच्या नावानिशी बोलल्या. दक्षिण कोरियात असे जाहीरपणे बोलणाऱ्या त्या पहिल्याच. तोवर लाज पीडितेनेच बाळगायची, अशी रीत होती. पहिल्या निदर्शनानंतर तीनच दिवसांनी इतिहासकार योशिमी योशिआकी यांना सापडलेली लष्करी कागदपत्रे जपानी वृत्तपत्रात छापून आली. १९९३ मध्ये ‘कोनो निवेदन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निवेदनात जपान सरकारने लष्कराचा सहभाग मान्य केला. कायदेशीर भरपाई मात्र टाळली. १९९५ चा आशियाई महिला निधी मुख्यतः लोकवर्गणीतून पैसे देणारा होता, म्हणून अनेक कोरियन स्त्रियांनी तो नाकारला.

निदर्शनांत या स्त्रियांना ‘हाल्मोनी’, म्हणजे आजी, म्हणतात. १९९५ मध्ये जपानमधल्या कोबेला भूकंप झाला तेव्हा त्या आठवड्याचे निदर्शन रद्द केले गेले. जपानमधल्या २०११ च्या त्सुनामीनंतर घोषणा न देता मृतांना श्रद्धांजली वाहण्यात आली. भांडण सरकारशी आहे, माणसांशी नाही, एवढे भान त्यांनी राखले.

१४ डिसेंबर २०११ रोजी, हजाराव्या निदर्शनाला, दूतावासासमोर काशाचा पुतळा बसवला गेला : खुर्चीवर बसलेली मुलगी, मुठी आवळलेल्या, पाय अनवाणी, टाचा जमिनीपासून किंचित उचललेल्या, शेजारी एक रिकामी खुर्ची. थंडीत लोक तिला विणलेली टोपी आणि मफलर घालतात.

पुढच्याच वर्षी किम बोक-दोंग (मृत्यू २०१९) आणि गिल वॉन-ओक यांनी ‘फुलपाखरू निधी’ सुरू केला. काँगोसारख्या देशांत युद्धकाळात अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी तो होता.

२०१५ च्या जपान-कोरिया करारात १०० कोटी येन ठरले, पण ज्यांच्या नावाने ठरले त्या आजींना कोणी विचारले नाही. चळवळीतही सारे आलबेल नव्हते. मे २०२० मध्ये ली योंग-सू या आजींनीच आयोजक संघटनेवर आरोप केला, की देणग्या जमवायला आम्हाला वापरले. संघटनेच्या माजी प्रमुख पुढे अफरातफरीत दोषी ठरल्या. जानेवारी २०२१ मध्ये सोलच्या न्यायालयाने जपान सरकारला १२ वादींना प्रत्येकी १० कोटी वॉन भरपाई देण्याचा आदेश दिला. परक्या राज्याला दुसऱ्या देशाचे न्यायालय जाब विचारू शकत नाही, असे सांगत जपानने तो मानला नाही.