पान्याखालचा जोर : बोल्ट आवळण्याच्या मापाचा इतिहास

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि जोडलेले दोन भाग घट्ट धरून ठेवतो तो हा ताणच. रॉबर्ट हुक याने १६७८ मध्ये स्प्रिंगसाठी मांडलेला नियम बोल्टलाही लागू पडतो. जेवढा जोर लावावा तेवढी लांबी वाढते, आणि जोर काढला की धातू मूळ लांबीवर परत येतो. मर्यादा ओलांडली तर मात्र तो परत येत नाही. बोल्ट कायमचा लांबतो, आणि आणखी पिळला की तुटतो किंवा त्याचे आटे जातात. नियम जुना असला, तरी पाना धरलेल्या माणसाला ही मर्यादा किती जवळ आली हे सांगणारे साधन यायला त्यानंतर अडीचशे वर्षे लागली.

एवढा उशीर होण्यामागे एक कारण आट्यांचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. अशा स्थितीत ‘किती आवळावे’ याचा सर्वांना लागू होणारा आकडा असणे शक्यच नव्हते. लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचे अचूक लेथ घडवले. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सर्व कारखान्यांसाठी आट्यांचे एकच प्रमाण सुचवले, आणि त्यात आट्यांचा कोन ५५ अंश ठेवला. ब्रिटिश रेल्वेने ते स्वीकारले. ब्रिटिश यंत्रांबरोबर ते मुंबईच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्येही आले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आणि पाडायला सोपा आटा पुढे केला. पुढे मेट्रिक आट्यांनीही ६० अंशच घेतले. भारतात वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ मध्ये झाला, पण हार्डवेअरच्या दुकानात इंची बोल्ट आजही सुतांत मागितला जातो. तीन सुतांचा बोल्ट म्हणजे तीन अष्टमांश इंचाचा.

आटे एकसारखे झाले तरी आवळण्याचे माप फिटरच्या मनगटातच राहिले. त्या काळी ते फारसे चुकतही नसे, कारण भाग बिडाचे, बोल्ट जाडजूड आणि गरजेहून मजबूत असत. पान्यांच्या घडणीतही एक शहाणपण होते, ते आजही आहे. लहान मापाचा पाना आखूड आणि मोठ्या मापाचा लांब असतो, म्हणजे हाताचा जोर साधारण तोच राहिला तरी लहान बोल्टवर कमी पीळ पडतो. पान्याला पाइप लावला की हे सारे गणित मोडते. सर्वसाधारण दर्जाच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, पुरतो. पाव मीटर लांबीच्या दांड्यावर वीस किलोचा जोर दिला, तर त्यावर जवळजवळ ५० न्यूटन-मीटर पडतात. एवढ्या पिळाला तो बोल्ट टिकत नाही, आणि वीस किलोचा जोर लावताना धडधाकट माणसाला विशेष श्रमही जाणवत नाहीत.

टॉर्क रेंचचा, म्हणजे पीळ मोजणाऱ्या पान्याचा, उगम मोटारीशी निगडित असेल असे वाटते, पण त्याची एक मुळी न्यूयॉर्कच्या जमिनीखाली आहे. तिथल्या शहर पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बाहर याला पाइपांच्या जोडकडांचे (फ्लँजचे) बोल्ट कुठे सैल, कुठे कचकचून आवळलेले आढळत. ठरावीक जोरापलीकडे न आवळणारा पाना आपण १९१८ मध्येच तयार केला होता, असे तो सांगत असे. जॉर्ज फेफर्ले या अभियंत्याबरोबर त्याने केलेला पेटंटचा अर्ज मात्र १९३५ चा आहे. त्या पान्यात ठरवलेला टॉर्क येताच आवाज होई. त्याआधी १९३१ मध्ये शिकागोच्या जॉन शार्पने टॉर्क मोजून दाखवणाऱ्या पान्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि १९३८ मध्ये पॉल स्टर्टेव्हंटने आपल्या पान्याचे पेटंट घेऊन तो बाजारात विकायला आणला. तीनचार जण एकाच दशकात एकाच वस्तूपाशी पोचले हा योगायोग नव्हे. मोटारींची इंजिने हलकी आणि जास्त दाबाची होऊ लागली होती. सिलिंडर हेडखालचे गॅस्केट सगळीकडून सारखे दाबले गेले नाही तर ते उडे, आणि फिटरागणिक बदलणारे मनगट कारखान्याला परवडेनासे झाले होते.

या साधनाचा एक दोष मात्र आजवर गेलेला नाही. रेंच मोजतो तो पीळ, आणि हवा असतो तो बोल्टमधला ताण. लावलेल्या पिळापैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांतल्या घर्षणात, आणि प्रत्यक्ष ताणायला उरतो तो दहावा हिस्सा. त्यामुळे घर्षणात थोडा फरक पडला तरी ताण खूप बदलतो. गंजलेल्या आट्यांवर रेंच ठरलेला आकडा दाखवतो आणि बोल्ट सैलच असतो. त्याच आट्यांना तेल लावले तर तोच आकडा बोल्टला मर्यादेपलीकडे नेऊ शकतो. चाकाच्या नटांचे आकडे बहुधा कोरड्या आट्यांसाठी दिलेले असतात, म्हणून तिथे हौसेने ग्रीस लावणे अंगाशी येते. निव्वळ हाताच्या अंदाजाने आवळलेल्या बोल्टच्या ताणात अधिकउणे ३५ टक्क्यांचा फरक पडतो आणि टॉर्क रेंचने २५ टक्क्यांचा, असे अभियांत्रिकीत सर्वसाधारणपणे धरले जाते. सुधारणा आहे, पण रेंचच्या चकचकीत आकड्यावरून वाटते तेवढी नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा सगळा प्रश्न कारखान्यातून घराच्या अंगणात आला. युरोप-अमेरिकेत मजुरी महागली आणि जुनी गाडी स्वतःच दुरुस्त करणारा मालकवर्ग वाढला. त्याच्या हाती आलेली गाडी बिडाच्या इंजिनाची असेलच असे नव्हते. फोक्सवॅगन बीटल दोन कोटींहून अधिक बनल्या, आणि त्यांचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. या मऊ धातूतून सिलिंडर हेडचे पोलादी स्टड उपटून यायचे. खालची तेलाची जाळी धरणाऱ्या झाकणाला ६ मिलिमीटरचे सहा नट असत आणि त्यांना अवघे ७ न्यूटन-मीटर पुरत. तेल गळू नये म्हणून मालक ते थोडे जास्त आवळी. त्याने झाकण वाकडे होई, तेल अधिकच गळे, म्हणून तो आणखी आवळी, आणि शेवटी स्टड हातात येई. गेलेले आटे भोक मोठे करून, नवे आटे पाडून आणि त्यात पोलादी तारेचे वेटोळे बसवून दुरुस्त होत. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या अॅल्युमिनियमच्या इंजिनांत रुळली होती. तिथून ती गॅरेजांत आली.

अशा मालकांसाठी पुस्तके निघाली. ब्रिटिश हवाई दलात एडनला असताना जॉन हेन्सने एका सहकाऱ्याच्या ऑस्टिन-हीली स्प्राइटचे इंजिन खोलून त्याची पायरीपायरीने छायाचित्रे घेतली. त्यातून १९६६ मध्ये पहिले हेन्स मॅन्युअल तयार झाले, आणि या मालिकेत कोणता बोल्ट किती आवळायचा याचे तक्ते देण्याची पद्धत रुळली. अमेरिकेत जॉन म्यूर याचे बीटलवरचे पुस्तक १९६९ चे. जे आकडे तोवर मुख्यतः कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असत ते आता सामान्य मालकापर्यंत आले. कारखान्याच्या शिस्तीची एवढी स्वस्त निर्यात दुसरी क्वचितच झाली असेल.

मुंबईत चित्र वेगळे होते. इथे मजूर स्वस्त आणि गाडी महाग, म्हणून मालक पाना हाती घेत नसे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी फिएट, म्हणजे पुढची पद्मिनी, मिलिमीटरच्या पान्यांनी खुले, आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली अँबेसिडर इंची पान्यांनी. रस्त्याकडेच्या मिस्त्रीला दोन्ही संच बाळगावे लागत. चुकीच्या मापाचा पाना डोक्यावर बसवला की षटकोनाचे कोपरे गोल होतात, आणि मग तो बोल्ट काढायला छिन्नीच लागते.

जास्त आवळण्यामागे बहुतेक वेळा निष्काळजीपणा नसून बोल्ट धक्क्यांनी सैल होईल ही भीती असते. या भीतीची तपासणी गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने केली. १९६९ मध्ये त्याने दाखवून दिले की, जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले तरच बोल्ट झपाट्याने सैल होतो, आणि योग्य ताण असेल तर ते सरकतच नाहीत. प्रमाणाबाहेर आवळून लांबलेला बोल्ट हाच ताण गमावू शकतो, म्हणजे ज्या सैलपणाला भिऊन आवळले तोच ओढवून घेतो. चाकांच्या नटांबाबत हीच भीती क्रायस्लरने आपल्या पद्धतीने हाताळली होती. १९७० च्या आसपासपर्यंत त्यांच्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत. हे ठाऊक नसलेले मालक नट सोडवायला जात आणि आवळत राहून स्टड मोडत.

१९८० च्या दशकापासून अनेक इंजिनांच्या हेडसाठी वेगळा मार्ग रूढ झाला. आधी बेताचा टॉर्क द्यायचा आणि मग बोल्ट ठरावीक अंश, बहुधा ९० किंवा त्याच्या पटीत, फिरवायचा. त्याने बोल्ट मुद्दाम मर्यादेच्या किंचित पलीकडे ताणला जातो, आणि कोन मोजल्यामुळे घर्षणाचा घोळ बराचसा टळतो. असा बोल्ट एकदा काढला की टाकून द्यायचा असतो. तो पुन्हा बसवणे ही घरच्या दुरुस्तीतली आजची ठळक चूक आहे.

उरतात ते लहान बोल्ट, आणि आटे जास्त जातात ते त्यांचेच. घरगुती वापरासाठी बहुतेक जण अर्धा इंची चौकोनी टोकाचा, चाकांच्या नटांना चालणारा मोठा टॉर्क रेंच घेतात. त्याचे माप बहुधा २० ते ४० न्यूटन-मीटरच्या पुढे सुरू होते. ६ मिलिमीटरच्या बोल्टचे १० न्यूटन-मीटर त्यावर मोजताच येत नाहीत. त्यासाठी पाव इंची चौकोनी टोकाचा लहान रेंच वेगळा घ्यावा लागतो.