रुमालाखालचा भाव

हातवारे म्हटले की आपल्याला वाटतं, ती बोलण्याला दिलेली जोड. पण महाराष्ट्रातल्या गुरांच्या बाजारात अख्खा सौदाच बोटांवर होत आलाय, आणि तोही झाकून!

आमच्या करमाळ्याची पेठही जुनी. बालाघाट आणि पुणे यांच्यामधला माल पूर्वी इथून जायचा. पुढे रेल्वेने ती वाहतूक बरीचशी ओढून नेली, तरी १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरने करमाळ्याला गुरं, धान्य, तेल आणि कापडाची मोठी पेठ म्हटलंय.

पद्धत साधी. दलाल समोरच्याचा हात रुमालाखाली किंवा उपरण्याखाली घेतो आणि बोटं धरतो. जितकी बोटं, तितका आकडा. आता तीन बोटं म्हणजे तीन हजार की तीस हजार? ते बोट सांगत नाही, बैल सांगतो! जनावराची साधारण किंमत दोघांनाही माहीत असते, त्यामुळे शून्यं सांगावी लागत नाहीत. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा.

रुमाल कशाला? तर आजूबाजूला गिऱ्हाईकं उभी असतात. पहिल्याने कितीला मागितला हे कळलं, की पुढचा तिथूनच सुरुवात करणार. दलाल मध्ये असला तरी मालकाचा हात रुमालाखाली असतोच, आणि त्याची मूठ झाकलेली राहते.

हाच रुमाल शेतमालाच्या बाजारात गेला की मात्र चित्र उलटं. तिथे एक हात अडत्याचा, दुसरा व्यापाऱ्याचा, आणि ज्याची ज्वारी तो शेतकरी बाजूला उभा! अडत्या सांगेल तो भाव. खोटी वजनं, मनमानी कपात हेही होतंच. या सगळ्याला आळा घालायला कायदे आले. वऱ्हाडात १८९७ चा, मुंबई इलाख्यात कापसासाठी १९२७ चा आणि शेतमालासाठी १९३९ चा, मग महाराष्ट्राचा १९६३ चा. बाजार समित्यांमध्ये उघड लिलाव आला, भाव मोठ्याने पुकारला जाऊ लागला.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात गुप्त संदेश म्हटला की पहिला प्रश्न असतो, किल्ली कुणाकडे? बैलाच्या मालकाकडे ती होती. ज्वारी पिकवणाऱ्याकडे नव्हती. खूण दोन्हीकडे तीच, बोटंही तीच. एकाला तिने राखलं आणि दुसऱ्याला लुबाडलं.