राहीबाईंनी राखलेले बी

पेरणी आटोपायची, शिवार पांडुरंगाच्या हवाली करायचे आणि पंढरीची वाट धरायची, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. भीमाकाठच्या वढू-तुळापूरच्या शेतकऱ्याचाही तोच आणि डोंगरातल्या शेतकऱ्याचाही तोच. पण जे बी मातीत टाकून आपण निघतो, ते येते कुठून? आज दुकानातून येते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ते घरातून येत असे.

घरातले बी राखणे हे बायकांचे काम होते. खळ्यावर भरदार कणसे निवडून बाजूला काढायची, उन्हात वाळवायची, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची आणि तोंड शेणाने लिंपायचे. घरात कितीही ओढग्रस्त असली तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही, हा दंडक होता.

१९६४ साली संकरित ज्वारीचा सीएसएच-१ हा पहिला वाण आला. पुढे संकरित बियाणे गावोगाव पोचले. खरे बोलायचे तर दुष्काळाच्या काळात या 'हायब्रीड'ने पुष्कळांची पोटे भरली. ते उपकार नाकारता येत नाहीत. मात्र संकरित बियाण्याचे पीक पुन्हा पेरले तर तसे उतरत नाही. त्यामुळे दरसाल बी विकत घेणे आले, त्यामागोमाग खते आणि औषधेही आली. घरातली मडकी रिकामी झाली. देशी वाण दोन-चार वर्षे पेरला नाही की त्याचे बी मरते, आणि एकदा मेलेले बी कितीही पैसे टाकले तरी परत मिळत नाही.

त्याच १९६४ साली जन्मलेल्या एका माउलीने ही मडकी पुन्हा भरली. त्यांचे नाव राहीबाई सोमा पोपेरे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले कोंभाळणे हे त्यांचे गाव, आणि समाज महादेव कोळी. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पावसाळ्यात कोरडवाहू शेती आणि एरवी साखर कारखान्यावर मजुरी, असा त्यांचा प्रपंच होता. जुने ते सोने, ही वडिलांची शिकवण मात्र त्यांनी गाठीला बांधली होती.

नातू आजारी पडला, तेव्हा फवारणीच्या भाजीपाल्याने हे दुखणे आले असे त्यांच्या मनाने घेतले. तेथून वाल, घेवडा, भात, नागली, कडधान्ये, रानभाज्या, जे जुने बी जिथे मिळेल तिथून त्या जमवू लागल्या. पुढे 'बाएफ' संस्थेची साथ मिळाली, बचत गटातल्या बाया जोडल्या गेल्या आणि राहत्या घरात बियाण्यांची बँक उभी राहिली. एका नोंदीत १७ पिकांचे ४३ वाण होते, नंतर ही संख्या वाढत गेली.

या बँकेची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. बी न्यायचे आणि पीक आल्यावर दुप्पट आणून द्यायचे. त्या दुपटीतून आणखी कोणाची तरी पेरणी होते. कुलूप लावून ठेवलेले बी किडते आणि वाटलेले बी वाढते. नामाचे तरी वेगळे काय आहे?

शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रपती भवनात त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला त्यांची ओळख याहून जुनी वाटावी. त्यांच्या अकोले तालुक्यातून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाला जाते, जिथे माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. त्यांचे नाव असलेली राही पंढरीच्या मंदिरात रखुमाई आणि सत्यभामेच्या सोबतीने उभी आहे. आणि अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. त्या मळ्यातले बी राखणे ही विठ्ठलाची सेवा नव्हे, असे कोण म्हणेल?

सगळे शेत देशी वाणाखाली आणणे आज प्रत्येकाला परवडेल असे नाही. पण बांधाच्या कडेला वालाचा एक वेल किंवा परसात गावरान भाजीचा एक वाफा कोणालाही जमेल. घरात ऐंशीच्या घरातली आजी असेल, तर यंदाच्या पेरणीआधी तिच्याजवळ बसावे. कोणते बी कसे राखायचे, ते तिला विचारून घ्यावे. पुढल्या वारीत दिंडीतल्या सोबत्याला प्रसादाबरोबर मूठभर बीही द्यावे.

रामकृष्ण हरी!