जीपच्या बॉनेटखालचा वंशवृक्ष : जव्हार-मोखाड्याच्या वाटेवरून

१/
जव्हारहून मोखाड्याकडे आणि पुढे त्र्यंबकेश्वराकडे जाणारा रस्ता डोंगरउतारांना बिलगून चढतो. खोडाळा, सूर्यमाळ या बाजूच्या विखुरलेल्या पाड्यांना बाजाराशी आणि दवाखान्याशी जोडण्यात एसटीइतकाच जीपचाही वाटा आहे. मात्र ‘जीप’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या वंशांची इंजिने दडलेली असतात. जुन्या जीपचे इंजिन मूळचे कोणते आणि त्यातला कोणता भाग नंतर आला, हे ठरवण्याची रीत इतिहासाच्या विद्यार्थ्याला परकी वाटू नये. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणारा अभ्यासक जे करतो, तेच येथे लोखंडावर करायचे असते.

२/
मूळ प्रत अमेरिकेतली. १९४१ साली अमेरिकी सैन्याने विलिस-ओव्हरलँड कंपनीचा आराखडा मान्य केला. पण युद्धाची गरज एका कारखान्याला पेलणारी नव्हती, म्हणून तीच गाडी फोर्डलाही बनवायला दिली. विलिसची ती ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’. यातला शेवटचा ‘डब्ल्यू’ म्हणजे विलिसच. सैन्याची अट एकच होती : एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या गाडीला बसलाच पाहिजे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या.

३/
भाग एकसारखे, मग कोणाचा कोणता हे ओळखायचे कसे? फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यांवरही, ‘एफ’ हे अक्षर उमटवले. संग्राहक आजही पाना हातात घेण्याआधी भिंग घेतात, ते या अक्षरासाठी. येथे घाई मात्र नडते. विलिसच्या गाडीत ‘एफ’चे बोल्ट सापडले म्हणून ती बनावट ठरत नाही. सैन्याच्या दुरुस्तीशाळांमध्ये जो भाग हाताशी येई तो बसवला जाई. असे मिश्रण हा त्या गाडीच्या युद्धकाळाचाच पुरावा असू शकतो.

४/
ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी भारतात आलेल्या अनेक जीपगाड्या युद्धानंतर ‘डिस्पोजल’च्या मालात विकल्या गेल्या. त्या काळी जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग झाले. त्याच सुमारास मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने विलिसच्या सुट्या भागांतून जीप जुळवण्यास आरंभ केला. म्हणजे महाराष्ट्रातील जुन्या जीपचे दोन उगम : एक रणांगणावरून उरलेला, दुसरा माझगावात जुळवलेला. आजच्या ओळखीतला निम्मा गोंधळ या दोन प्रवाहांच्या सरमिसळीतून येतो.

५/
आता खरी मेख. युद्धकाळातील विलिस इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २,२०० घनसेंटिमीटरचे आणि ६० अश्वशक्तीचे. त्याचा कॅमशाफ्ट टायमिंग चेनवर चाले. युद्धानंतर नागरी गाड्या निघू लागल्या आणि १९४६च्या सुमारास चेनच्या जागी दातेरी गिअर आले. बदल किरकोळ वाटतो, पण चेनवर कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेने फिरतो आणि गिअर थेट गिअरला भिडला की उलट दिशेने. दिशा उलटली म्हणजे कॅमशाफ्ट वेगळा आणि त्यावरून फिरणाऱ्या तेलपंपाचा गिअरही वेगळा. बाहेरून दोन्ही इंजिने जुळी भावंडे. भंगारातून आणलेला तेलपंप चेनचा की गिअरचा, हे न पाहता नवशिक्याने बसवायला घेतला, तर दिवस वाया जातो. मुरलेला मिस्त्री आधी दातांचा तिरपेपणा पाहतो.

६/
पुढची पिढी त्या मानाने ओळखायला सोपी. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, त्यामुळे हेड म्हणजे नुसते सपाट झाकण. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये राहिला आणि इनटेकचा हेडमध्ये चढला. इंजिनाची उंची वाढली, म्हणून १९५३च्या ‘सीजे-३बी’ जीपचे बॉनेटही उंच करावे लागले. हीच उंच कपाळाची जीप महिंद्रने पुढे कित्येक वर्षे बनवली. भारतीयांच्या मनातली जीपची प्रतिमा बहुधा हिचीच आहे, युद्धातल्या जीपची नव्हे.

७/
इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या पुढच्या भागातील लहानशा सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. आरंभीची अक्षरे वंश सांगतात : ‘एमबी’, ‘जीपीडब्ल्यू’, युद्धानंतरच्या नागरी गाडीसाठी ‘जे’. फोर्डमध्ये इंजिन आणि चासीचा क्रमांक एकच असे. विलिसमध्ये ते दोन निरनिराळे असत. त्यामुळे विलिसचे क्रमांक जुळत नाहीत म्हणून नाक मुरडणारा खरेदीदार स्वतःचेच अज्ञान उघड करतो. याउलट उंचवटा घासून गुळगुळीत केलेला, अक्षरे कमीअधिक खोल, ओळ किंचित वाकडी असे दिसले, तर बनावट ताम्रपट तपासणाऱ्याच्या मनात येते तीच शंका यावी.

८/
इंजिन उघडल्यावर पिस्टनचे माथेही वाचावेत. सिलिंडर झिजला की तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालतात आणि ते वाढीव माप माथ्यावर ठोकलेले असते. तेवढ्यावरून गाडी किती राबली याचा अंदाज बांधता येतो.

९/
मग डिझेलचा काळ आला. पेट्रोल महागले आणि घाटात माणसे भरून चढायचे, तर पेट्रोल इंजिन खर्चाला परवडेना. महिंद्रने आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये आणले, नंतर १९८०च्या दशकात प्यूजोचे. जुन्या पेट्रोल जीपच्या मालकांनीही तेच केले : मूळ इंजिन काढून भंगारात दिले आणि डिझेल बसवले. चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर संग्राहक आज जे विलिस ब्लॉक धुंडाळतात, ते बाजारात येण्यामागे हा व्यवहार मोठा होता.

१०/
२०२१ सालच्या केंद्रीय नियमांमुळे या ओळखीला कायद्याचे वजन आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटून गेलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला असेल, तर हा दर्जा मिळत नाही. म्हणजे बंगल्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली जीप वारसा ठरते. आणि घाटात आजारी माणसे, बाजारकरी आणि पोती वाहता यावीत म्हणून जिचे इंजिन बदलले, ती केवळ जुनी गाडी उरते. गाड्यांचा मूळ आराखडा जपायचा तर नियम समजण्याजोगा आहे. पण मोखाड्यासारख्या तालुक्याचा वाहतुकीचा इतिहास त्या बदललेल्या इंजिनातच आहे, हे त्याच्या चौकटीत बसत नाही.

११/
त्यातून आणखी एक नुकसान संभवते. दर्जा मिळवण्यासाठी एक ‘अस्सल’ जीप उभी करायची, तर दोन-तीन जीप मोडाव्या लागतात. आणि मोडलेल्यांची हकीकत कोणी टिपून ठेवत नाही. म्हणून कोणताही भाग सोडवण्याआधी क्रमांक, ठसे आणि बोल्टांचे माथे यांची छायाचित्रे घ्यावीत. त्यासोबत जुने आरसी बुकही पाहावे. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, त्यामुळे रीतसर झालेला बदल तेथे नोंदलेला असतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्यामुळे जव्हार-मोखाड्यातील जुन्या गाड्यांच्या कागदांचा माग ठाण्याकडे जातो. अशा एखाद्या बुकात ‘पेट्रोल’ खोडून ‘डिझेल’ लिहिलेले, शेजारी नवा इंजिन क्रमांक, तारीख आणि कचेरीचा शिक्का आढळला, तर त्या जीपच्या चरित्रातले एक पान तारखेसह हाती लागते.