गुडघ्याच्या वाटीचा मार्गदोष

गुडघा वाकवताना व सरळ करताना वाटीचे हाड मांडीच्या हाडावरील खोबणीतून मध्यभागी न सरकता एका बाजूस, बहुधा बाहेरच्या बाजूस, कलणे किंवा सरकणे यास गुडघ्याच्या वाटीचा मार्गदोष असे म्हणतात. या दोषाचा संबंध गुडघ्याच्या पुढील भागातील वेदनेशी जोडला जातो. तीव्र स्वरूपात वाटी खोबणीतून पूर्णपणे निखळते. किशोरवयीन मुले-मुली, धावपटू, उड्या मारण्याचे खेळ खेळणारे आणि ज्यांच्या कामात वारंवार जिने चढणे किंवा उकिडवे बसणे येते अशा व्यक्तींत ही तक्रार अधिक आढळते. वाटीभोवतीची वेदना पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक प्रमाणात दिसते. बहुसंख्य रुग्णांत उपचार शस्त्रक्रियेविना केले जातात. व्यायाम हा त्यांचा मुख्य भाग असून चिकटपट्टी, आधारपट्टे व पादत्राणातील आधार ही पूरक साधने होत.

शरीररचना व कार्य

गुडघ्याची वाटी हे शरीरातील सर्वांत मोठे कंडरास्थी, म्हणजे कंडरेत वसलेले हाड आहे. मांडीच्या पुढील भागातील क्वाड्रिसेप्स हा चार भागांचा स्नायू वरून वाटीला जोडलेला असतो. वाटीच्या खालच्या टोकापासून निघणारी कंडरा नडगीच्या हाडावरील उंचवट्याला जोडलेली असते. वाटीमुळे या स्नायूचा ओढा सांध्याच्या केंद्रापासून दूर राहतो आणि गुडघा सरळ करण्यास लागणारे बल कमी होते. विहिरीवरील रहाटामुळे दोराची दिशा बदलून पाणी ओढणे सोपे होते. वाटीचे कार्य काही अंशी तसेच आहे, मात्र ती दिशेबरोबर बलाची तरफही वाढवते.

पाय पूर्ण सरळ असताना वाटी खोबणीच्या वरच्या बाजूस काहीशी सैल असते. गुडघा सुमारे २० ते ३० अंश वाकल्यावर ती खोबणीत नीट बसते आणि त्यानंतर खोबणीच्या हाडी कडा तिला स्थिर ठेवतात. त्यापूर्वीच्या टप्प्यात वाटीला बाहेर सरकण्यापासून रोखण्याचे काम प्रामुख्याने तिच्या आतील कडेला मांडीच्या हाडाशी जोडणारा अस्थिबंध करतो. क्वाड्रिसेप्सचा आतील तिरपा भागही त्यास साहाय्य करतो.

वाटीच्या मागील पृष्ठावरील कूर्चा शरीरातील सर्वांत जाड कूर्चांपैकी एक आहे, कारण या सांध्यावर मोठा भार येतो. सपाट जागी चालताना हा भार शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा असतो. जिना चढताना-उतरताना तो वजनाच्या तिपटीहून अधिक होतो आणि खोल बैठक मारताना सात ते आठ पटींपर्यंत जातो. यामुळे सपाट रस्त्यावर विनातक्रार चालणाऱ्या व्यक्तीलाही जिना उतरताना वेदना होऊ शकते.

कारणे

मार्गदोष सहसा एका कारणाने उद्भवत नाही. हाडांच्या रचनेशी संबंधित कारणांत खोबणी उथळ किंवा सपाट असणे, वाटी नेहमीपेक्षा वर असणे, मांडीचे हाड आत पिळलेले असणे आणि नडगीवरील उंचवटा खोबणीच्या रेषेपासून बराच बाहेर असणे यांचा समावेश होतो. हे दोष व्यायामाने बदलत नाहीत. वाटीच्या बाहेरील बाजूच्या ऊती आखडलेल्या असणे, आतील अस्थिबंध पूर्वीच्या दुखापतीत फाटलेला असणे किंवा सर्वच सांधे अतिलवचीक असणे, ही मऊ ऊतींशी संबंधित कारणे होत.

हालचालीशी निगडित कारणांकडे २००० नंतरच्या दशकांत अधिक लक्ष वेधले गेले. अमेरिकेतील संशोधक क्रिस्तोफर पॉवर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय प्रतिमांच्या आधारे असे दाखवले, की एका पायावर भार देऊन वाकताना अनेकदा वाटी बाहेर सरकत नाही, तर तिच्याखालील मांडीचे हाडच आत वळते. आगगाडी रुळांवरून घसरण्याऐवजी रूळच गाडीखालून सरकावेत, असा हा प्रकार आहे. मांडीच्या या वळणावर खुब्याभोवतीच्या स्नायूंचे नियंत्रण असल्याने उपचारांत नितंबाच्या स्नायूंच्या व्यायामाला महत्त्व प्राप्त झाले.

लक्षणे

वाटीभोवती किंवा तिच्या मागे बोथट वेदना हे प्रमुख लक्षण होय. जिना उतरणे, उकिडवे बसणे, वज्रासन, गुडघे टेकून बसणे आणि धावणे यांमुळे ती वाढते. नाट्यगृहात किंवा बसच्या लांबच्या प्रवासात गुडघे वाकवून बराच वेळ बसल्यावर वेदना होणे हेही वैशिष्ट्यपूर्ण मानले जाते. काहींना करकर आवाज जाणवतो; मात्र वेदना नसताना येणारा असा आवाज सहसा निरुपद्रवी असतो. अस्थिरतेचा भाग अधिक असल्यास गुडघा अचानक दगा देतो किंवा वाटी सटकेल अशी भीती वाटते.

दुखापतीनंतर काही तासांत गुडघा सुजणे, पायावर भार देता न येणे, गुडघा अडकणे, तापासह सांधा गरम व लाल होणे किंवा विश्रांतीतही रात्री वेदना होणे ही लक्षणे साध्या मार्गदोषाची नसतात. अशा वेळी तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. मुलांमध्ये खुब्याच्या विकाराची वेदना केवळ गुडघ्यात जाणवू शकते, त्यामुळे खुब्याचीही तपासणी केली जाते.

निदान

निदान मुख्यत्वे इतिहास व प्रत्यक्ष तपासणीवरून होते. गुडघा वाकलेल्या स्थितीतून सरळ करताना वाटी शेवटच्या टप्प्यात अचानक बाहेर उडी घेत असल्यास तो मार्गदोषाचा निदर्शक मानला जातो. तपासणाऱ्याने वाटी बाहेर ढकलताच रुग्णाने भीतीने मांडी आवळणे, हे अस्थिरतेचे चिन्ह होय. एका पायावर बैठक मारताना गुडघा आत झुकतो का, हेही पाहिले जाते.

कटीपासून वाटीपर्यंत आणि वाटीपासून नडगीच्या उंचवट्यापर्यंतच्या रेषांमधील कोन पुरुषांत सरासरी सुमारे १४ अंश व स्त्रियांत सुमारे १७ अंश मानला जातो. पूर्वी या कोनाला मोठे महत्त्व होते. परंतु केवळ त्यावरून वेदनेचे भाकीत करता येत नाही. वारंवार वाटी निखळणाऱ्या रुग्णांत क्ष-किरण, सीटी किंवा एमआरआय प्रतिमांद्वारे खोबणीची खोली आणि वाटीची उंची मोजतात. नडगीचा उंचवटा खोबणीच्या मध्यापासून २० मिलिमीटरहून अधिक बाहेर असल्यास ते अंतर सामान्यतः विकृत समजले जाते.

व्यायाम व भौतिकोपचार

व्यायामाचे ध्येय वाटीला बळाने जागेवर आणणे हे नसून मांडी व नितंबाच्या स्नायूंची ताकद, हालचालींवरील नियंत्रण आणि सांध्याची भार सोसण्याची क्षमता वाढवणे हे असते. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार व्यायामाने वेदना कमी होऊन कार्यक्षमता वाढू शकते. केवळ गुडघ्याच्या व्यायामापेक्षा खुबा व गुडघा या दोहोंचे व्यायाम अधिक उपयुक्त असण्याची शक्यताही त्यात नोंदवली आहे. मात्र उपलब्ध पुराव्याची गुणवत्ता कमी असल्याचेही त्यात नमूद आहे.

वेदना अधिक असताना पडून पाय सरळ उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे आणि पाठीवर झोपून नितंब उचलणे हे व्यायाम प्रथम दिले जातात. पुढील टप्प्यात भिंतीला पाठ टेकवून अर्धी बैठक, खुर्चीवरून उठणे-बसणे आणि कमी उंचीच्या पायरीवर चढउतार यांचा समावेश होतो. पायावर भार देऊन केलेल्या व्यायामांत पूर्ण सरळ स्थितीपासून सुमारे ४५ अंशांपर्यंत वाटीवरील ताण कमी असतो. बसून वजनाविरुद्ध पाय सरळ करण्याच्या व्यायामात मात्र ९० ते ४५ अंशांचा टप्पा अधिक सोसवतो. क्वाड्रिसेप्सचा केवळ आतील भाग स्वतंत्रपणे बळकट करता येतो, ही जुनी समजूत अभ्यासांतून टिकलेली नाही.

व्यायाम करताना थोडी वेदना झाल्यास आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरल्यास ती सामान्यतः चालते. वेदना टिकून राहिल्यास किंवा सूज आल्यास भार कमी केला जातो. परिणाम दिसण्यास साधारणतः ६ ते १२ आठवडे लागतात. पूर्ण विश्रांतीने स्नायू क्षीण होत असल्याने खेळ अथवा चालणे पूर्णतः बंद करण्याऐवजी त्यांचे प्रमाण तात्पुरते घटवतात. धावपटूंना पावले लहान ठेवून दर मिनिटाच्या पावलांची संख्या ५ ते १० टक्क्यांनी वाढवण्याचा सल्ला दिला जातो, कारण त्याने वाटीवरील भार कमी होतो.

आधारसाधने

ऑस्ट्रेलियातील भौतिकोपचारतज्ज्ञ जेनी मॅककॉनेल यांनी १९८६ मध्ये चिकटपट्टीने वाटी आतल्या बाजूस ओढण्याची पद्धत मांडली. या पट्टीने अनेकांची वेदना तात्काळ कमी होते. परंतु वाटीच्या स्थितीत होणारा बदल अल्प असतो आणि व्यायामानंतर तो टिकतोच असे नाही. त्यामुळे पट्टीचा उपयोग वेदना कमी करून व्यायाम शक्य करण्यापुरता मानला जातो.

बाजारात मिळणारे वाटीच्या जागी छिद्र असलेले पट्टे, बाही व कंडरेवरील पट्टे यांविषयीचा पुरावा दुर्बल आहे. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनशी संबंधित २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाटीच्या वेदनेसाठी असे पट्टे न देण्याची शिफारस आहे. चिकटपट्टी व्यायामाच्या जोडीने ४ आठवड्यांपर्यंत वापरावी आणि पाऊल अधिक आत कलणाऱ्या व्यक्तींत तयार पादाधार ६ आठवड्यांपर्यंत द्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. अल्ट्रासाउंडसारख्या विद्युत-भौतिक उपचारांची शिफारस त्यांत केलेली नाही. वाटी निखळल्यानंतरच्या काळात मात्र आधारपट्ट्याचा वापर वेगळ्या हेतूने, म्हणजे संरक्षणासाठी, केला जातो.

शस्त्रक्रिया

केवळ वेदना असल्यास शस्त्रक्रिया क्वचितच केली जाते. वाटी वारंवार निखळणे किंवा निखळताना हाड व कूर्चेचा तुकडा सुटणे ही तिची प्रमुख कारणे होत. आतील अस्थिबंधाची पुनर्रचना, नडगीवरील उंचवटा हलवणे आणि खोबणी खोल करणे या शस्त्रक्रिया दोषानुसार निवडल्या जातात. बाहेरील ऊती सैल करण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास होत असे. अस्थिरतेवर एकटा उपाय म्हणून ती आता योग्य मानली जात नाही.

मतभेद व दीर्घकालीन परिणाम

मार्गदोष हेच वेदनेचे कारण आहे का, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. प्रतिमांमध्ये वाटी कललेली दिसणाऱ्या अनेकांना वेदना नसते आणि वेदना असणाऱ्या अनेकांची वाटी योग्य मार्गाने सरकते. यामुळे अनेक अभ्यासक ‘वाटी-मांडी सांध्याची वेदना’ ही व्यापक संज्ञा पसंत करतात आणि मार्गदोषाकडे तिच्या संभाव्य घटकांपैकी एक म्हणून पाहतात.

ही तक्रार वयाबरोबर आपोआप जाते, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाठपुरावा अभ्यासात ५ ते ८ वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक रुग्णांची सुधारणा असमाधानकारक आढळली. वेदना जितकी जुनी, तितकी ती बरी होण्याची शक्यता कमी असते. सांधा झिजला आहे या भीतीने हालचाल टाळल्यास स्नायू आणखी दुर्बल होतात आणि वेदनेचे चक्र पुढे चालू राहते. म्हणून लवकर निदान, आजाराच्या स्वरूपाची रुग्णाला दिलेली स्पष्ट माहिती आणि नियमित व्यायाम यांना उपचारांत मध्यवर्ती स्थान दिले जाते.