जुनी गाडी, बदललेलं पेट्रोल

जुन्या गाड्या सांभाळणारी माणसं एकत्र आली, की बोलणं तीन प्रश्नांवर येतंच. पेट्रोल कुठलं भरता? ऑइल कुठलं घालता? प्लग कुठले बसवता? मलाही या गाड्यांचा नाद असल्यानं मी या गप्पांत रमतो. पण या प्रश्नांची निम्मी उत्तरं गॅरेजात असली, तरी निम्मी इतिहासात आहेत.

१९२१ सालची गोष्ट. अमेरिकेत डेटन इथं जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली हे संशोधक इंजिनाच्या 'नॉकिंग'वर उपाय शोधत होते. सिलिंडरमधलं पेट्रोल शिस्तीत जळण्याऐवजी अवेळी भडकलं, की चढावर जी टकटक ऐकू येते, तेच हे नॉकिंग. शिशाचं एक संयुग अगदी थोडं मिसळलं, की ते थांबतं, असं त्यांना आढळलं. १९२३ मध्ये हे पेट्रोल बाजारात आलं. नाव ठेवलं 'एथिल'. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता! शिसं विषारी, हे तेव्हाही ठाऊक होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथं या संयुगाच्या कामावरचे पाच कामगार दगावले. तरी हे पेट्रोल पुढं अर्धशतकाहून अधिक काळ जगभर जळत राहिलं.

आपल्याकडची पद्मिनी ही १९५३ च्या फियाट ११०० च्या घराण्यातली आणि अँबॅसडर मॉरिस ऑक्सफर्डच्या. दोन्ही त्याच शिशाच्या जमान्यातल्या. शिशाचा थर एक्झॉस्ट वॉल्व्हच्या सीटवर बसे आणि गादीसारखा उपयोगी पडे. अँबॅसडरसारख्या बिडाच्या हेडला त्याचा आधार होता.

मग आला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून धुरातले विषारी वायू निवळणारं हे उपकरण गाड्यांना बसू लागलं. शिशानं ते निकामी होतं, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं. भारतात ते १९९५ मध्ये चार महानगरांत मिळू लागलं आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर तेच राहिलं.

मग जुन्या गाडीनं काय करावं? गावात सावकाश चालणाऱ्या गाडीला फारसा त्रास होत नाही. लांब पल्ल्याला वेगानं पळवायची असेल, तर हेड उघडेल तेव्हा कठीण पोलादाच्या सीट बसवून घ्याव्यात. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं म्हणून ताकद वाढत नाही. या इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी. नॉकिंग होत नसेल, तर साधं पेट्रोल पुरतं. आता मात्र पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला सोसत नाही आणि पाणी ओढून घेतं. म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा बदलावा, टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

ऑइलची कथाही त्या कन्व्हर्टरपाशीच जाते. जुन्या इंजिनातले टॅपेट कॅमवर घासत चालतात. त्यांना ऑइलमधलं जस्त-फॉस्फरसचं संयुग वाचवतं. फॉस्फरसही कन्व्हर्टरला बाधतो, म्हणून नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये त्याचं प्रमाण कमी केलं गेलं. तेव्हा 'सर्वांत नवीन आणि महाग' ते उत्तम, असं इथं नाही. आपल्या हवेत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० सारखं जाड मल्टिग्रेड जुन्या इंजिनाला मानवतं.

राहिला प्लग. प्लग गरम किंवा थंड जातीचा असतो, म्हणजे टोकाची उष्णता तो किती भरभर बाहेर टाकतो. गंमत म्हणजे बॉशचा आकडा वाढला की प्लग गरम, एनजीकेचा वाढला की थंड! आकड्याला आकडा जुळवून घेतला, की फसगत ठरलेली. कंपनीच्या तक्त्यावरूनच प्लग निवडावा. अधूनमधून तो काढून पाहावा. फिकट तपकिरी असेल, तर सारं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे रिंगा झिजल्या, पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग फार गरम.

'शिशाचं पेट्रोल होतं तेव्हा इंजिनं कशी मऊ चालायची,' अशी हळहळ आजही ऐकू येते. ते शिसं धुरातून लहान मुलांच्या रक्तात जात होतं, त्यांच्या मेंदूला इजा करत होतं. २०२१ मध्ये अल्जेरियात त्याची विक्री थांबली आणि जगातल्या गाड्यांच्या टाकीतून ते गेलं. वॉल्व्हची सीट बदलता येते. तेव्हा जुनी गाडी जरूर जपा, पण तिच्यासोबत ती हळहळ जपू नका.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)